बबी इज स्लोअर दॅन छकुली

आज मला बोलू द्या, मध्ये अडवू नका. वीस वर्षं नुसता लटकतोय. वर एक दांडी, खाली एक दांडी, मध्ये जाड कापड आणि कापडावर इंग्रजी विशेषणांच्या तीन रांगा. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. बिग, बिगर, बिगेस्ट. गुड, बेटर, बेस्ट. मी शिकवणीच्या खोलीतला तक्ता. माझा एखादा भाऊबंद तुम्हीही लहानपणी पाहिला असेल, पाठ केला असेल आणि विसरलाही असाल. त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळाच आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी या खिळ्यावरून उतरणार नाही.

मला एका पेंटरने रंगवलं. तो दुकानांच्या पाट्या करायचा, माणसं काढायची त्याला सवय नव्हती. सरांनी मापं दिली, शब्दांची यादी दिली आणि सांगितलं की सगळ्यात वर तीन माणसं काढा, एक उंच, दुसरा त्याहून उंच, तिसरा सगळ्यांत उंच. पेंटरने तीन माणसं काढली, पण तिघांनाही एकच तोंड दिलं, कारण त्याला तेवढं एकच जमत होतं.

"अहो, तिघं वेगवेगळे दिसायला नकोत का?" सर म्हणाले.

"उंची वेगळी आहे ना, सर? मग तोंडाचं काय करायचंय तुम्हाला?" पेंटर म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

सरांच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचा क्लास. सहा बाकं, एक फळा, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, आतल्या घरात जाणारं एक दार आणि डोक्यावर एक जुनाट पंखा. पंखा जोरात लावला की वाऱ्याने माझी खालची दांडी भिंतीवर टकटक आपटते. मग सर शिकवता शिकवता म्हणतात, "अरे, तो तक्ता धरा रे कुणीतरी." आणि भिंतीजवळचा कोणीतरी माझ्या पोटावर वही टेकवून मला गप्प करतो.

सर शिकवायचे मात्र जीव तोडून. तुलना हा त्यांचा आवडीचा धडा. ते म्हणायचे, "आपल्या बोलण्यात 'पेक्षा' लावला की काम भागतं. उंच माणूस उंचच राहतो. इंग्रजीत तसं नाही चालत. शब्द छोटा असेल तर त्याच्या शेपटीला 'अर' जोडायचं. लांबलचक असेल तर त्याच्या पुढे 'मोअर' उभं करायचं. दोन्ही एकदम नाही! आणि ज्याच्याशी तुलना करायची त्याच्या आधी 'दॅन' आलंच पाहिजे." एवढं घसा फोडून सांगितल्यावर पहिल्याच बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "ही इज मोअर टॉलर." सर डोळे मिटून घ्यायचे. मी भिंतीवर असून मलाही कपाळावर हात मारावासा वाटायचा. अहो, माझ्या अंगावर हाताएवढ्या अक्षरांत 'टॉलर' लिहिलंय, वर करा की नजर! पण तुलना शिकायला आलेली माणसं माझ्याकडे बघतच नाहीत, ती शेजारच्याच्या वहीत बघतात.

सरांना दोन मुली. थोरली बबी, धाकटी छकुली. पाळण्यातली नावं वेगळी आहेत, पण घरात आणि क्लासमध्ये हीच चालतात. मी भिंतीवर आलो तेव्हा बबी सहा वर्षांची होती आणि छकुली चार. दोघी दाराच्या उंबऱ्यावर बसून शिकवणी ऐकायच्या. बबी ऐकून घ्यायची, मग विचार करायची, मग बोलायची. छकुली आधी बोलायची आणि मग काय बोलले ते बघायची. दोघीही मला सारख्याच आवडायच्या. पण आवडीला माझ्या अंगावर कुठली रांगच नाही.

त्यानंतर चौथं वर्ष असेल. सुट्टीच्या दिवशी क्लास सुटल्यावर मोठ्या मुलांनी दोघींची शर्यत लावली, दारापासून रस्त्यावरच्या फाटकापर्यंत. मी खिडकीतून सगळं बघत होतो. बबी पुढे होती. हो, पुढे होती, मी शपथेवर सांगेन! पण मध्येच तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि चप्पल मागे राहिली. बबी थांबली, मागे गेली, चप्पल उचलली, तिच्यावरची माती झटकली आणि मग फाटकाकडे चालत गेली. तोवर छकुली फाटकाला हात लावून नाचत होती.

सर नेमके त्याच वेळी दारात आले. नवीन नोट्स तयार करायच्या होत्या आणि उदाहरण सुचत नव्हतं. त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी आत येऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बबी इज स्लोअर दॅन छकुली.' मुलं हसली, छकुली हसली, बबीही हसली. सगळ्यांना वाक्य तिथल्या तिथे पाठ झालं. सर खूश झाले. जे उदाहरण डोळ्यांसमोर घडतं ते कोणी कधी विसरत नाही, असं त्यांचं मत होतं. मत बरोबरच होतं, तिथेच तर घात झाला.

ते वाक्य नोट्समध्ये पान अकरावर छापलं गेलं. मग त्याला भावंडं झाली. 'छकुली इज स्मार्टर दॅन बबी.' 'बबी इज नॉट ॲज क्विक ॲज छकुली.' तुलनेला जोर द्यायचा असेल तर 'व्हेरी' नाही, 'मच' वापरायचं, हे शिकवण्यासाठी 'बबी इज मच स्लोअर.' प्रत्येक नव्या तुकडीपुढे सर दोघींना माझ्या खाली उभं करायचे आणि मुलांकडून एकेक वाक्य म्हणून घ्यायचे. अख्ख्या अकराव्या पानात बबीकडे 'जास्त' आलं ते एकाच ठिकाणी, वयात. 'बबी इज ओल्डर दॅन छकुली.' हे कोणी म्हटलं की ती मान डोलवायची, जणू काही मिळालंच आहे.

तुम्हाला वाटेल, सर दुष्ट होते. अजिबात नव्हते, म्हणूनच तर माझा जळफळाट होतो! बबीला ताप आला तेव्हा त्यांनी नऊ दिवस क्लास बंद ठेवला होता. तिच्या कपाळावरच्या पट्ट्या ते स्वतः बदलायचे. पण त्यांच्या तोंडाला वळणच तसं. चहा प्यायले तर "कालच्यापेक्षा बरा आहे." बायकोने नवी साडी नेसली तर "हिरवीपेक्षा ही शोभते." कुठल्याही गोष्टीला दुसरीच्या शेजारी उभं केल्याशिवाय ती चांगली म्हणताच येत नसे त्यांना. आणि बबीच्या शेजारी उभं करायला घरात छकुली होतीच.

मुली मोठ्या झाल्या, त्यांना उभं करणं बंद झालं, पण पान अकरा छापलं जातच राहिलं. नोट्स बदलायला सरांना कधी वेळ मिळाला नाही. बबीने प्रयोगशाळेतलं रक्त तपासण्याचं शिक्षण घेतलं आणि संध्याकाळी ती सरांना मदत म्हणून मुलांच्या वह्या तपासू लागली. माझ्याच खालच्या शेवटच्या बाकावर बसायची, लाल पेन घेऊन.

आणि आता सांगतो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. गृहपाठात ते वाक्य असायचंच. कोणीतरी लिहायचं, 'बबी इज मोअर स्लोअर दॅन छकुली.' बबी ते वाचायची, 'मोअर' वर लाल रेघ मारायची, समासात 'एकच पुरे' असं लिहायची आणि खाली बरोबरची खूण करायची. कोणी 'दॅन' विसरलं असेल तर वर बाण काढून नीट बसवून द्यायची. असं महिन्यातून तीस-चाळीस वह्यांत. स्वतःला कमी म्हणणारं वाक्य ती पोरगी दुरुस्त करून परत देत होती. वर लटकून ते बघताना माझ्या कापडाचा धागान् धागा ताणला जायचा. मी टकटक करायचो. ती मान वर न करता माझी दांडी हाताने धरायची.

मग ती मुलाखत आली. मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. बबीला ती जागा हवी होती. तिने कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, पण त्या आठवड्यात ती आईला दोनदा म्हणाली, "ही मिळाली ना, तर बरं होईल गं." मुलाखत इंग्रजीत होती. तिने रिकाम्या खोलीत माझ्यासमोर उभं राहून उत्तरांची तालीम केली. बोलणं सावकाश, पण एकही चूक नाही. मला खात्री होती.

दुपारी ती परत आली तेव्हा आई बाकं पुसत होती. बबी दारातच उभी राहिली, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही.

"झाली का गं?"

"झाली."

"मग?"

"मग काही नाही." ती बाकावर बसली. मग म्हणाली, "आई, तिथले मोठे डॉक्टर बाबांचे विद्यार्थी निघाले."

"अगं बाई! मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं? त्यांनी अर्ज बघितला, बाबांचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'तू सरांची बबी ना? स्लोअर दॅन छकुली!' टेबलापलीकडचे सगळे हसले. वाईट नाही हसले गं, प्रेमानेच हसले. मग मलाही हसावं लागलं. डॉक्टर म्हणाले, 'मी आयुष्यात बरोबर लिहिलेलं पहिलं इंग्रजी वाक्य तुझं.'"

आईच्या हातातलं फडकं थांबलं.

"मग त्यांनी विचारलं, रक्ताचा नमुना बिघडलाय हे कशावरून ओळखशील. मला येत होतं, आई. शंभरदा केलंय मी. पण तोंडच उघडेना. मनात कोणीतरी म्हणतंय, घाई कर, नाहीतर ते म्हणतील खरंच स्लो आहे. आणि जेवढी घाई करायला जावं तेवढं काहीच सुचेना. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, या तुम्ही."

आई तिच्याजवळ बाकावर टेकली. ओलं फडकं तिने तसंच मांडीवर ठेवलं होतं, साडी भिजली तरी तिचं लक्ष नव्हतं. मला मात्र स्वतःला खिळ्यावरून उपटून त्या सरांच्या डोक्यात घालावंसं वाटत होतं. राग आला की मी असं काहीही बोलतो, मनावर घेऊ नका.

संध्याकाळी क्लास सुरू व्हायच्या आधी आईने सरांना याच खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं.

"अगं, पण ते नुसतं वाक्य आहे!" सर म्हणाले. "व्याकरण शिकवायला उदाहरण नको? उद्या मी म्हटलं, लायन इज स्ट्राँगर दॅन डॉग, तर कुत्रा येऊन भांडणार आहे का माझ्याशी?"

"कुत्र्याला मुलाखतीला जायचं नसतं."

"तिने मला कधी सांगितलं नाही, की बाबा, मला हे आवडत नाही."

"सांगायला तिला वेळ लागतो. आणि ती बोलायला लागली की तुम्ही घड्याळाकडे बघता."

सर फळा पुसायला वळले. त्या दिवशी त्यांनी निबंध शिकवला, पण शिकवताना त्यांची नजर सारखी शेवटच्या बाकाकडे जात होती. बाक रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. सर खोलीतच उभे राहून बोलत होते. "हो, हो... नाही, ती हुशार आहे हो, जरा घाबरली... गुरुवारी? अकरा वाजता? पाठवतो ना, नक्की पाठवतो." फोन ठेवून त्यांनी आनंदाने हाक मारली, "बबी! गुरुवारी परत बोलावलंय! डॉक्टरांनाच चुटपुट लागली होती."

बबी दारात आली. "मी नाही जाणार, बाबा."

"का?"

"परत तेच म्हणतील."

सर म्हणाले, "अगं, म्हणेनात का, तू लक्ष देऊ नकोस." इतकं सोपं वाटलं त्यांना ते. ती आत निघून गेली.

मंगळवारी दुपारी दोघी बहिणी खोलीत होत्या. बबी वह्या न उघडता नुसती बसली होती. छकुली बाकावर चढून बसली आणि पाय हलवत म्हणाली, "ताई, एक सांगू? मला पण ते वाक्य आवडत नाही."

"तुला काय झालं? तू तर पुढेच आहेस."

"पुढे काय पुढे! मी जरा सावकाश चालले तरी लोक विचारतात, काय गं छकुली, बरं नाही का? परीक्षेत दोन मार्क कमी पडले की बाबांचा चेहरा असा, जसं काही नोट्समध्येच चूक निघाली. मला बिछान्यात लोळायचं असतं गं, पण माझं वाक्य मला लोळू देत नाही."

बबी हसली. मुलाखतीनंतर पहिल्यांदाच हसली. मग म्हणाली, "त्या शर्यतीत माझी चप्पल तुटली होती, माहितीये तुला?"

"मला माहितीये. मी वळून बघितलं होतं." छकुली खाली बघत म्हणाली. "पण जिंकायला किती मस्त वाटतं, आणि मी आठ वर्षांची होते."

बुधवारी नव्या तुकडीचा तुलनेचाच धडा आला. सर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी काहीतरी ठरवलंय हे मला लगेच कळलं. बबी शेवटच्या बाकावर वह्या घेऊन बसली होती. आईनेच तिला आग्रह करून पाठवलं होतं, की घरात कुढत बसू नकोस.

सरांनी खडू घेतला आणि लिहिलं, 'बबी इज मोअर केअरफुल दॅन छकुली.' त्याखाली लिहिलं, 'बबी इज मोअर पेशंट दॅन छकुली.' मग त्याखाली 'मच मोअर पेशंट.' आणि त्यांनी वळून शेवटच्या बाकाकडे बघितलं, आता तरी मुलगी हसेल म्हणून.

समोरच्या बाकावरच्या एका मुलीने नोट्स उघडल्या होत्या. ती म्हणाली, "सर, पण पान अकरावर तर छकुली पुढे आहे. मग बरोबर कोणतं?"

"दोन्ही बरोबर," सर म्हणाले.

अहो सर! इतकी वर्षं जी माती केली तिच्यावर नवी माती टाकून ती झाकत होतात तुम्ही! मी आपटायला लागलो. पंखा त्या दिवशी जोरात होता, माझी दांडी नुसती थडथडत होती. भिंतीजवळच्या मुलाने वही टेकवायला हात पुढे केला, तेवढ्यात बबी उभी राहिली.

"बाबा, ते पुसा."

"अगं, नीट वाच तरी. आता तूच जास्त आहेस."

"मी वाचलं." ती थांबली. सर घड्याळाकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. मग ती पुढे म्हणाली, "मला जास्त पण नको, बाबा. मला त्या वाक्यातून बाहेर काढा. आम्हा दोघींना काढा."

सर हातात डस्टर घेऊन उभे होते. मग त्यांनी पहिली ओळ पुसली, दुसरी पुसली, तिसरी पुसली. फळा स्वच्छ झाला आणि त्यांनी परत खडू उचलला. पण त्यांना काही सुचेना! वीस वर्षं ज्या माणसाने तुलना शिकवली, त्याला घरातल्या दोन मुली सोडून त्या घडीला सिंह-कुत्र्याचंही उदाहरण आठवत नव्हतं. खडू फळ्याला टेकलेला, हात तिथेच. मी इतकी वर्षं याच क्षणाची वाट बघत होतो, पण तो आला तेव्हा मला त्यांची फार कीव आली. शेवटी ते म्हणाले, "आज एवढंच. उद्या या." क्लास वेळेआधी सुटल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

गुरुवारी सकाळी बबी तयार होऊन बाहेर आली. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं. हातात कागदांची फाईल होती. दारात ती चपला घालायला वाकली, तेव्हा सर बाकावर बसले होते. ते उठले. त्यांना तिला काहीतरी चांगलं बोलून पाठवायचं होतं, हे दिसतच होतं.

"बबी, या वेळी मागच्यापेक्षा..." ते म्हणाले.

आणि थांबले. त्यांनाच ते ऐकू आलं. बबी चपलेचा पट्टा धरून तशीच वाकलेली राहिली, वाक्य पुरं व्हायची वाट बघत. सरांचे ओठ हलले, पण त्यांना पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना. खोलीत दोघंच होती आणि मी. पंखा बंद होता, त्यामुळे मला काही मदतही करता येत नव्हती.

"डबा घेतलास का?" सर म्हणाले.

"घेतला, बाबा."

"पाणी?"

"ते पण."

"मग जा. सावकाश जा." एवढं बोलून ते दचकले, पण बबीने त्याचं वाईट मानलं नाही. ती हो म्हणाली आणि गेली. सर खिडकीत उभे राहिले, ती फाटकातून रस्त्याला लागेपर्यंत.

दुपारी तिने आईला सांगितलं ते असं. डॉक्टरांनी परत तेच म्हणायला सुरुवात केली होती, सवयीने. तेव्हा बबी म्हणाली, "सर, ते वाक्य आज नको. आणि मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, तेवढा मला द्या." डॉक्टर कानापर्यंत लाल झाले, म्हणाले, "घ्या, घ्या." तिने वेळ घेतला. मग सगळं सांगितलं, नमुना कसा बघायचा, रंग कसा बदलतो, शंका आली तर परत का मागवायचा. पंधरा दिवसांनी पत्र आलं. नोकरी मिळाली. सकाळी साडेसातला ती जाते आणि चारच्या सुमाराला येते. वह्या आता छकुली तपासते, आणि भराभर तपासण्याच्या नादात निम्म्या चुका तशाच सोडते.

सरांनी पान अकरा नव्याने लिहिलं. आता तिथे दार खिडकीपेक्षा रुंद आहे, डोंगर टेकडीपेक्षा उंच आहे आणि लोखंड लाकडापेक्षा जड आहे. मुलांना ते मिळमिळीत वाटतं. आणि माझा संताप काही संपलेला नाही, कारण जुन्या नोट्स गावभर आहेत. कोणाच्या कपाटात, कोणाच्या माळ्यावर. दर वर्षी एखादा मुलगा मोठ्या भावाच्या जुन्या नोट्स घेऊन येतो आणि विचारतो, "सर, ही बबी कोण?" छापलेलं असं सहजासहजी मरत नाही.

परवाची गोष्ट. एक गृहस्थ आपल्या मुलीचं नाव घालायला आले होते. एकेकाळी तिसऱ्या बाकावर बसायचे, मी ओळखलं त्यांना, 'मोअर टॉलर' म्हणणाऱ्यांतले. सरांना वाकून नमस्कार केला, जुन्या आठवणी काढल्या. तेवढ्यात बबी कामावरून आली आणि दारात चपला काढू लागली. गृहस्थांचा चेहरा उजळला. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "अगं, बघ, बघ, ही कोण माहितीये? थांबा सर, मला अजून पाठ आहे. बबी इज..."

"ही माझी मुलगी," सर म्हणाले.

"हो हो, सर, तीच ना, छकुलीपेक्षा..."

"माझी मुलगी आहे," सर परत म्हणाले. आवाज चढवला नाही, पण पुढे काही जोडलंही नाही. ते गृहस्थ थोडा वेळ वाट बघत राहिले, मग ओशाळून बाकावर टेकले. बबी दारात उभी होती. तिने बाबांकडे बघितलं आणि आत गेली. जाताना माझी सरकलेली दांडी तिने सरळ केली.

आता माझे रंग उडालेत. 'बेस्ट' मधला निम्मा शब्द पुसलाय, मधल्या माणसाचं तोंड ओलीने गेलंय. सर नवा तक्ता आणणार आहेत, मला माळ्यावर ठेवणार आहेत. ठेवू देत. नव्यावरही याच तीन रांगा असतील, असू देत, इंग्रजी तर शिकलंच पाहिजे. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे, मग तुम्ही मास्तर असा, आई असा, बाप असा. उदाहरण लागलंच तर मला घ्या. लिहा फळ्यावर, 'जुना तक्ता नव्यापेक्षा मळका आहे, फाटका आहे, कुरूप आहे.' 'मच' लावा हवं तर. रोज म्हणून घ्या मुलांकडून. मला काही होणार नाही, मी कापड आहे आणि मला कुठे मुलाखतीला जायचं नाही.